न पेटवलेलं निरांजन

उसाला पाकोळीची कीड लागली त्या साली सरकारी खात्याचं हेलिकॉप्टर फवारणीसाठी देवळाली प्रवराकडच्या माळावर आलं. सत्तरच्या दशकाची नुकती सुरुवात होती. मी साखर कारखान्याच्या आगीच्या बंबावर ड्रायव्हर होतो. भुशाच्या ढिगापाशी बंब उभा करायचा आणि त्याच्या सावलीत झोपायचं, खरं सांगायचं तर एवढीच माझी नोकरी. हेलिकॉप्टर आलं आणि झोप गेली. नियम असा की यंत्र उठताना-बसताना बंब माळावर हजर पाहिजे, पाइप पसरलेला पाहिजे. यंत्र हवेत असताना बंब कुठं हलला, तर वैमानिकानं फवारणी बंद करून मिळेल त्या मोकळ्या जागी उतरायचं आणि बंब परत येईपर्यंत पंखा फिरवायचा नाही.

पहिल्याच सकाळी सरपंच वाजंत्री घेऊन आले. बैल असो की पाण्याचं इंजिन, आमच्याकडे ओवाळल्याशिवाय कामाला लावत नाहीत. सुवासिनी ताटं घेऊन पुढं झाल्या. ताटांत पेटलेली निरांजनं आणि चार पावलांवर पेट्रोलची पिंपं. वैमानिक परमुलखातला, मराठी मोडकंतोडकं. तो धावत आडवा आला आणि म्हणाला, "बाई, आग नाही पाहिजे. विझवा."

ओवाळायला आणलेला दिवा विझवायचा? बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. बरीच हुज्जत झाली. शेवटी तेलात भिजवलेल्या वाती तशाच ठेवून, न पेटवलेल्या निरांजनांनी त्यांनी यंत्राला ओवाळलं. असं आमच्याकडे कोणी करत नाही, अभद्र मानतात. सरपंचांचं तोंड दिवसभर एरंडेल प्यायल्यासारखं होतं.

माळाच्या खाली, पाटाच्या कडेला ऊसतोड्यांच्या कोप्या होत्या. बांबूच्या कमानीवर पाचट शाकारलेलं, एकीला एक चिकटून, आणि प्रत्येकीच्या दारात तीन दगडांची चूल. दुसऱ्या दिवशी एक बाई तिथून तरातरा चढून बंबापाशी आली. ओली बाळंतीण, डोक्याला फडकं घट्ट बांधलेलं.

"ओ डायवर, ते यंत्र डोक्यावर आलं की त्याच्या वाऱ्यानं चुलीतला इंगळ उडतुया. कोपीत माजं लेकरू निजल्यालं असतंय. सांगा की त्याला."

मी म्हणालो, "बाई, मी बंबाचा ड्रायव्हर. यंत्र माझं नाही."

"म्हंजी आग लागल्यावरच येनार व्हय तुमी?"

मी गेलो आणि वैमानिकाला सांगितलं. तो माळ उतरून खाली गेला, तिच्या चुलीपुढं उकिडवा बसला, राख बोटांनी उडवून पाहिली. परत येऊन त्यानं नकाशावर कोप्यांभोवती तांबडं कडं काढलं आणि त्या कड्यात पुन्हा कधी शिरला नाही. कड्यात सरपंचांचा ऊसही होता, तो फवारणीविना राहिला. सरपंचांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चारचौघांत म्हणाले, "उंटावरचा शहाणा हाय नुसता."

मग एका दुपारी, यंत्र हवेत असताना, कोप्यांच्या वरच्या टोकाला धूर दिसला. तोडकरी उसाच्या फडात होते. बाळंतीण हंडा घेऊन पाटापलीकडे गेली होती आणि लेकरू खालच्या टोकाच्या कोपीत झोळीत. फवारणीवर देखरेख करणारा खात्याचा साहेब मला म्हणाला, "यंत्र खाली येऊ दे, मग हल." माझं डोकं फिरलं. त्याला काय बोललो ते इथं लिहिण्याजोगं नाही. पाइप ओढत तसाच बंब उतारावर घातला.

खाली गर्दी जमली होती. वरच्या कोप्या पेटल्या होत्या, पण वारा पडलेला होता आणि आग धीम्यानं सरकत होती. तेवढ्यात हेलिकॉप्टर आमच्या दिशेनं वळलं. सरपंच उपरणं हलवून ओरडले, "ये, ये! वरनं वत!" सगळा गाव हात करून त्याला बोलावू लागला. टाकीत औषध होतं, पाणी नव्हतं, पण ते कोणाच्या ध्यानात येणार?

पाटावरच्या फळीवर ती बाळंतीण पळत येत होती. मध्येच थांबली, हंडा टाकला, आणि पदर सोडून दोन्ही हातांनी ती हेलिकॉप्टरला मागं हाकलू लागली. शेतातली पाखरं हाकलतात तशी. घसा फाटेस्तोवर ओरडत होती, "जा! लांब जा!" गावाला वाटलं, बाईचं डोकं फिरलं.

यंत्र वळलं आणि लांब मुरमाड रानात जाऊन बसलं. लोकांनी त्याला आईबहिणीवरून शिव्या घातल्या. मी पाइप सोडला. मधल्या कोप्यांवर पाणी धरलं, आग तिथं अडली. खालच्या कोपीतून ती लेकरू छातीशी धरून बाहेर आली आणि माझ्या बंबाच्या चाकाला टेकून मटकन खाली बसली. लेकरू जागंसुद्धा झालं नव्हतं.

संध्याकाळी मी वैमानिकाला विचारलं, "नियमामुळे वळलास, की तिच्यामुळे?" तो म्हणाला, "बंब हलला, तेव्हा उतरायचंच होतं. पण लोक बोलवत होते, म्हणून एकदा मन झालं. मग ती दिसली."

सकाळी सरपंच गाव घेऊन माळावर आले. असला भेकड नको, दुसरा पाठवा, असं कलेक्टरला सांगणार होते. त्यांचं बोलणं चालू असतानाच ती आली. काखेत लेकरू, हातात जर्मनची ताटली, ताटलीत कणकेचा दिवा, वात तेलात भिजवलेली. पेटवलेली नव्हती.

सरपंचीणबाई हळूच म्हणाल्या, "अगं, दिवा तरी लाव."

"न्हाई लावत," ती म्हणाली. "ज्याचं जळतं त्यालाच कळतं, बाई. त्यो काल जवळ आला असता, तर ह्ये आज माज्या काखंत नसतं."

सरपंच जमिनीकडे बघत राहिले. वैमानिकानं टोपी काढून मान खाली केली. तिनं त्याला कुंकू लावलं आणि त्या न पेटवलेल्या दिव्यानं सावकाश ओवाळलं. माझे डोळे भरून आले, आणि त्याची मला लाज वाटली नाही. मग त्यानं टोपी घातली आणि माझ्याकडे पाहिलं. मी पाइप पसरायला घेतला.