कादरभाईंची आखूड वायर

कादरभाईंच्या दुकानी गाडी नेली की ते गाडीकडे बघतच नसत. आधी माणसाकडे बघत. बोरी अरबला दारव्हा रोडवर, कडुलिंबाखाली त्यांचं टिनाचं दुकान होतं. काम गाड्यांच्या वायरिंगचं. दुकानासमोर जुन्या बॅटरीचा खोका उलटा ठेवलेला असायचा. गिऱ्हाइकाला त्यावर बसवायचं आणि चौकशी सुरू करायची, "घरी कोन कोन हाय? गाडी कोन चालोते? बाजूले कोन बसते? भांडन कोन करते?" नवीन माणूस वैतागायचा. अहो, हेडलाइट लागत नाही, त्यात माझी सासू कुठून आली? कादरभाई शांतपणे सुपारी कातरत म्हणायचे, "वायर तं मी कुठूनबी नेईन, भाऊ. पन बटन कोनाच्या हाती देऊन राह्यलो, हे मले मालूम पाह्यजे."

माणूस उंच आणि काटकुळा. एक चष्मा डोळ्यांवर, दुसरा कपाळावर, आणि शोधत असायचे तिसरा. प्रत्येक सांधा टेस्ट लॅम्प लावून तपासल्याशिवाय टेप गुंडाळायचे नाहीत, त्यामुळे तासाभराच्या कामाला दिवस जायचा. घाई केली की त्यांचं ठरलेलं व्याख्यान ऐकावं लागे. "करंट म्हंजे जवाई हाय, जनाब. त्याचा यायचा रस्ता सारे चांगला करून ठेवते. जायचा रस्ता कोनीच पाहत नाही. मंग तो घरातच बसते अन् गरम होते." एवढं बोलून ते अर्थिंगची, म्हणजे करंट परत जायची वायर पुन्हा एकदा घासायला घ्यायचे.

एकदा फुलसावंगीहून सासरी आलेला एक तरणाबांड जावई जीप घेऊन आला. त्याला समोर चार मोठे फोकस हवे होते, असे की समोरच्याचे डोळे दिपले पाहिजेत. कादरभाईंनी ऐकून घेतलं, दिवे बांधले, संध्याकाळ होऊ दिली आणि त्यालाच जीपसमोर खोक्यावर बसवलं. चारही फोकस त्याच्या तोंडावर सुरू केले आणि निवांत चहा प्यायला घेतला. पोरगा ओरडायला लागला, "चच्चा, बंद करा ना! काई दिसून नाही राह्यलं!" कादरभाई म्हणाले, "घाबरू नको. समोरून येणाऱ्याले असंच दिसन." जावई दोनच फोकस घेऊन गेला, तेही खाली वाकवलेले.

माझं काम मात्र फोकसएवढं सोपं नव्हतं. माझ्याकडे पिकअप आहे. शेतातला कापूस, तूर, बाजाराचा माल, सगळं तिच्यावरच चालतं. आमच्याकडे गाडी मागे घ्यायची म्हणजे कुणीतरी मागे उभं राहून "येऊ दे, येऊ दे" म्हणावंच लागतं. त्याशिवाय कुणी रिव्हर्स गिअरला हात लावत नाही. आमच्या घरी हे खातं बाबांकडे होतं. वय शहात्तर. बैल विकल्यापासून शेतात त्यांचं दुसरं असं काम उरलं नव्हतं, त्यामुळे हे काम ते मंत्रिपदासारखं सांभाळत. उभे राहत ते बरोबर डाल्याच्या, म्हणजे माल भरायच्या हौद्याच्या मागे, मधोमध, म्हणजे दोन्ही आरशांतून दिसणार नाहीत अशा नेमक्या जागी. बाजूला व्हा म्हटलं की उसळायचे, "गाडी सिधी येऊन राह्यली का नाई, हे मागूनच दिसते! तुले काय समजते?" वर कानाने कमी ऐकू येई. मी काय विचारतो ते त्यांना कळत नसे, ते काय सांगतात ते इंजिनच्या आवाजात मला.

मग व्हायचं तेच झालं. एका संध्याकाळी मी अंगणात गाडी मागे घेत होतो. अंधारून आलं होतं. "येऊ दे... येऊ दे..." चाललं होतं आणि एकदम आवाज जरा खालून यायला लागला. मी उतरून पाहिलं, तर डाल्याच्या मागच्या झडपेने, फाळक्याने, ढकललेले बाबा सोयाबीनच्या कुटारात, भुशाच्या ढिगात, कमरेपर्यंत रुतलेले, हात वर, आणि तरीही म्हणत होते, "येऊ दे!" खरचटलंसुद्धा नव्हतं. घरात हसून हसून पुरेवाट झाली. फक्त माझी बायको सुनंदा हसली नाही. ती म्हणाली, "आज मागं कुटार होतं. उद्या भिंत राहीन." त्या रात्री मला झोप लागली नाही, खोटं कशाला सांगू?

मी यवतमाळहून मागे बसवायचा कॅमेरा आणला. बाबांनी दुसऱ्याच दिवशी त्याच्यावर आपला खांद्यावरचा दुपट्टा टाकला. "माह्या जाग्यावर हा डोया बसवला काय बे?" आणि दोन दिवस जेवताना माझ्याशी बोलले नाहीत. शेवटी मी कादरभाईंकडे गेलो. म्हटलं, मागे दोन जबरदस्त रिव्हर्स लाइट बसवून द्या, गिअर टाकला की लख्ख उजेड पडला पाहिजे, मग बाबांना उभं राहायची गरजच नाही.

"मंग काकाजी काय करतीन?" कादरभाईंनी विचारलं.

"घरात बसतील."

"बसतीन?"

कादरभाईंनी सुपारी तोंडात टाकली. "उद्या त्यायले घेऊन ये, दिगूभाऊ. गाडीच्या आंधी त्यायचं माप घ्या लागते."

दुसऱ्या दिवशी बाबा त्या खोक्यावर फुगून बसले. कादरभाई त्यांच्यापुढे उकिडवे बसले आणि फार गंभीर चेहऱ्याने म्हणाले, "काकाजी, लाइट तं बसोतो. पन त्याचं बटन कोनाच्या हाती देऊ? दिगूभाऊच्या भरोशावर सोडू काय?"

"त्याच्या?" बाबा कडाडले. "त्यानं मले कुटारात टाकलं!"

"मंग बटन तुमीच ठेवा."

बाबांचा चेहरा बैलजोडी परत आल्यासारखा खुलला. कादरभाईंनी दिवसभर काम केलं. फाळक्याखाली दोन पांढरे दिवे, बॅटरीपासून जाड वायर, मध्ये फ्यूज आणि रिले. रिव्हर्स गिअरची वायर त्यांनी मध्येच तोडून तिथे जुन्या ट्रॅक्टरच्या हॉर्नचं बटन जोडलं. गिअर माझा आणि बटन बाबांचं. दोन्ही असतील तरच दिवे लागणार. बाबांनी अंगठा उचलला की अंधार. "लाइट हाय तं गाडी येईन, लाइट गेला तं गाडी थांबन," कादरभाईंनी मला बजावलं. "मंग तुमी ऐका, नका ऐकू, काई फरक नाही." एवढा वेळ बाबा त्यांच्या डोक्यावर उभे राहून सूचना देत होते आणि ते प्रत्येक सूचनेला "हव, काकाजी" म्हणत स्वतःला हवं तेच करत होते.

बटन एका लोंबत्या वायरीच्या टोकाला होतं. ती वायर माझ्या दाराच्या मागे, डाल्याच्या पुढच्या कोपऱ्यातून निघत होती. कादरभाईंनी बाबांना हात लांब करायला लावला, माप घेतलं आणि वायर कापली. बाबा बटन घेऊन रुबाबात मागे निघाले आणि मागच्या चाकापाशीच अडकले. वायर पुढे जाईना.

"कादर, वायर कमी पडली ना बे!"

"काय करू, काकाजी, तांबं लय महाग झालं."

"हातभर वायरीनं तुह्यं दुकान बुडते काय?"

"बुडते," कादरभाई म्हणाले.

घरी येईपर्यंत बाबा एकच बोलत होते. माणूस चांगला आहे, पण पक्का चिक्कू. आठवडाभर तेच ऐकून मी कंटाळलो आणि दुकानी जाऊन म्हटलं, वायर मी आणून देतो, तेवढी वाढवून द्या. कादरभाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला आणि मला नीट न्याहाळलं.

"वाढवून देतो. मंग काकाजी कुठी उभे राहतीन?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. वायर चाकापर्यंतच पुरत होती, म्हणजे बाबा चाकाच्या पुढे, माझ्या दारापाशीच उभे राहणार होते. गाडीच्या मागे जायचं तर बटन सोडावं लागणार, आणि बटन तर बाबा सोडणं शक्यच नव्हतं. फळीवर वायरीचं आख्खं बंडल पडलेलं मला दिसत होतं. कादरभाई हळूच म्हणाले, "त्यायले सांगजो नको. मी चिक्कूच बरा."

त्यानंतर बाबा भर दुपारीसुद्धा बटन दाबल्याशिवाय गाडी मागे घेऊ देत नसत. मला एकच त्रास झाला. आता ते खिडकीशी असायचे, त्यामुळे शिव्या थेट कानात यायच्या. कादरभाई रस्त्यात भेटले की बाबा हाक मारायचे, "काय रे चिक्कू!" आणि ते हात जोडून हसायचे.

मागच्या हिवाळ्यात कादरभाई गेले. सकाळी दुकान उघडलं आणि तिथेच खोक्यावर बसल्या बसल्या गेले. कबरीवर टाकायच्या फळ्या आणायला गाडी हवी होती. मी निघालो तर बाबा आधीच पिकअपमध्ये बसलेले. कबरस्तानाची गल्ली अरुंद, गाडी उलटीच न्यावी लागते. मगरिबची, सूर्यास्तानंतरची नमाज होऊन गेली होती, नीट दिसत नव्हतं. मदतीला पाच-सहा जण मागे धावले आणि "आने दो, आने दो" सुरू झालं. बाबा उतरून माझ्या दारापाशी आले, बटन हातात घेतलं आणि असे ओरडले की सगळी गल्ली चूप झाली.

"गाडीमागून हटा बे सारे! मराचं हाय काय?"

माणसं बाजूला झाली. उजेड पडला. मी गाडी लावली, फळ्या उतरल्या, मग जनाजा आला, माणसं त्या उजेडातून आत गेली.

"बाबा, गाडी लागली. बटन सोडा आता," मी म्हणालो.

"राहू दे. लोकायले पाय ठेवाले दिसलं पाह्यजे."

मी रिव्हर्स गिअर तसाच ठेवून बसलो. बाबा खिडकीला टेकून कबरस्तानात बघत होते. मग म्हणाले, "दिगू, तांबं महाग झालतं म्हनून वायर आखूड ठेवली, असं वाटते काय तुले?"

मी खिडकीतून मान बाहेर काढली.

"मले त्याच दिवशी समजलं होतं. पन त्यानं एवढ्या इज्जतीनं मले बाजूले केलं, मंग मी कायले बोलू?"

त्यांचा अंगठा शेवटचा माणूस बाहेर येईपर्यंत बटनावरून हलला नाही.