अख्खं काळीज

कागलजवळच्या आमच्या घरात मांस, अंडं सोडाच, पण कांदासुद्धा चातुर्मासात बंद असतो. आम्ही जैन. त्यामुळे कोल्हापुरात पीएचडी करताना मला मटणाच्या दुकानात रांगेला उभं राहावं लागेल, असं कधी मनात आलं नव्हतं.

माझं काम मण्यांचं होतं. शास्त्रीय नाव मायक्रोस्फिअर, पण लॅबमध्ये आम्ही मणीच म्हणायचो. रव्याच्या कणासारखे बारीक. त्यात कॅन्सरचं लाल औषध भरायचं. डॉक्टर मांडीच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी यकृतापर्यंत नेतात आणि हे मणी गाठीच्या तोंडाशी सोडतात. ते तिथं अडकतात, गाठीचं रक्त तोडतात आणि औषध हळूहळू सोडतात. अडचण एकच. नेहमीचे मणी एक्स-रेत दिसत नाहीत. सोबत मिसळलेला द्रव दिसतो, पण तो रक्ताबरोबर वाहून जातो. आम्ही मण्यांनाच आयोडीन जोडलं होतं, म्हणजे ते स्वतःच दिसावेत.

माझ्या चुलत्यांवर, आप्पांवर, पुण्यात हाच उपचार झाला होता, नेहमीच्या मण्यांनी. आयुष्यात दारूला न शिवलेल्या माणसाला यकृताची गाठ. परत आल्यावर ते मला म्हणाले, "डॉक्टरास्नी इचारलं, गोळ्या पोचल्या का? तर म्हणाले, पोचल्या असाव्यात. असाव्यात म्हंजे काय गं?"

मला उत्तर माहीत होतं. ते देऊन त्यांचं समाधान झालं नसतं.

आयोडीन वाढवलं की मणी ठळक दिसायचे, पण औषध कमी मावायचं आणि मणी जड होऊन सिरिंजच्या तळाशी बसायचे. हा मेळ घालण्यातच बराच काळ गेला. मग माझे गाइड सर म्हणाले, "आता बकऱ्याच्या यकृतात सोडून बघा." लॅबमधल्या मैत्रिणीनं पहिलं यकृत आणून दिलं. आम्ही रक्तवाहिनीत नळी बांधून पाणी सोडलं, तर ते चारी बाजूंनी कारंज्यासारखं उडालं. दुकानदारानं खाण्यासाठी म्हणून सगळं साफ करून, चिरून दिलं होतं. त्यानंतर मैत्रीण बहिणीच्या लग्नाला गावी गेली. सर थांबायला तयार नव्हते. मी गेले.

दुकानात रविवारची गर्दी होती. ओढणी नाकाला लावायची नाही आणि यकृत न म्हणता काळीज म्हणायचं, एवढं मी ठरवून गेले होते.

"बोला ताई, किती देऊ?"

"काळीज पाहिजे. अख्खं. वरच्या नळ्या न कापता."

"नळ्या? त्या काय चावणार हाईत व्हय?" रांगेतली माणसं हसली.

"खायला नाही. कॅन्सरच्या औषधाची तपासणी आहे."

हसणं थांबलं. दुकानदारानं सुरा बाजूला ठेवला. "मग आत्ताचं न्हाय चालायचं, सगळं कापलंय. उद्या सक्काळी या. बकरं सोडवतानाच बाजूला काढून ठेवतो."

दुसऱ्या दिवशी त्यानं ते स्वच्छ पिशवीत घालून दिलं. अजून कोमट होतं. वाटलं होतं त्यापेक्षा जड होतं. लॅबमध्ये हातमोजे घालून मी नळी बांधली, रक्त धुऊन काढलं, मणी सोडले. काम नीट झालं. दुपारचा डबा मात्र तसाच परत गेला.

राजारामपुरीतल्या एका स्कॅन सेंटरनं दुसऱ्या दिवशी सकाळी पेशंट यायच्या आधी सीटी स्कॅन करून द्यायचं कबूल केलं होतं. यकृताचा बंद डबा मशीनच्या टेबलावर ठेवला. तिथल्या टेक्निशियननं विचारलं, "पेशंटचं नाव काय टाकू? नाव-वयाशिवाय मशीन पुढं जात न्हाय."

"बकरा टाका."

"आणि वय?"

ते मला माहीत नव्हतं. त्यानं एक आकडा टाकला आणि बटण दाबलं.

पडद्यावर करड्या यकृतात पांढऱ्या ठिपक्यांच्या फांद्या उमटल्या. पण अर्ध्याच भागात. दुसऱ्या बाजूला मणी पहिल्याच फाट्यावर गुठळी होऊन अडकले होते. मी आणखी बारीक मणी चाळून वेगळे केले आणि पुन्हा त्याच दुकानात गेले. त्यानंतरही गेले. शेवटी फांद्या टोकापर्यंत भरल्या.

त्या स्कॅनचा फोटो मोबाइलवर घेऊन मी घरी आले. आप्पा अंगणात बसले होते. चष्मा लावून बराच वेळ बघत राहिले.

"हे माझं न्हवं?"

"नाही. बकऱ्याचं."

"तू माराय सांगितलंस?"

"नाही आप्पा. दुकानातनं आणलं. खाण्यासाठीच कापलेलं."

"पण बाजूला काढून ठेवा म्हणून सांगितलं असशील की."

"हो."

ते रागावले नाहीत. "पुढं काय?" म्हणाले.

"पुढं सशांवर चाचणी. जिथं परवानगी आहे तिथं करतात. पण मणी मीच पाठवणार."

"मला दिलेलं बी असंच तपासलं असंल."

"हो."

"कोण बोललं न्हाई मला." त्यांनी परत मोबाइल मागितला. "ह्यात गाठ कुठं हाय?"

"गाठ नाही. ते निरोगी होतं."

त्या वर्षी पर्युषणात डॉक्टर नको म्हणत असताना आप्पांनी एक दिवस पाणीही न घेता निरंकार उपास केला. कशासाठी ते सांगितलं नाही. काकीनं सगळा राग माझ्यावर काढला आणि काही दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. मी मणी पाठवायचे थांबवले नाहीत, पण डबा बंद करताना प्रत्येक वेळी हात थोडा रेंगाळायचा.

आप्पांवर तोच जुना उपचार पुन्हा झाला. गाठ आकसली, गेली नाही. ते शेतात जातात, दमले की बांधावर बसतात.

सशांचा अहवाल आला तेव्हा मी त्यांना सांगायला शेतात गेले. ते उसाला पाणी देत होते. मणी स्कॅनमध्ये नीट दिसले, औषधही ठरल्या वेगानं सुटलं, असं मी सांगितलं.

"माणसात कधी?"

"अजून बरीच वर्षं लागतील. आणि जमेलच असंही नाही."

"मग हितं काय करत उभी ऱ्हायलीस?" म्हणाले, आणि मोटर बंद करायला विहिरीकडे गेले.