आईच्या हातचा मासा

शिल्पाला, म्हणजे माझ्या बायकोला, यातलं काही माहीत नाही. भावाला नाही, एकाही मित्राला नाही. बाबांना सांगायचं राहून गेलं — नाही, हे पुन्हा खोटं. राहून गेलं नाही, मी सांगितलं नाही. आत्तासुद्धा लिहिताना माझे कान जिन्याकडे आहेत. आई खाली चहा ठेवतेय. ती वर आली तर मी लॅपटॉप मिटणार, हे मला पक्कं ठाऊक आहे. नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात औषधं देणारा, डोक्यावर टक्कल पडलेला माणूस आईच्या पावलांना घाबरतो. हसू आलं तर हसा.

आधी कुठे होतो ते सांगतो. इथे फार्मसिस्ट म्हणून काही वर्षं काढल्यावर मी एका बेटावर करारावर गेलो होतो. ब्रिटनच्याच अमलाखालचं, कॅरिबियन समुद्रातलं टीचभर बेट. एकच हॉस्पिटल. शिल्पाची नोकरी इथे, म्हणून ती इथेच राहिली. आणि आई-बाबा माझ्याकडे राहायला आले. रत्नागिरीची माणसं; त्यांना वाटलं, समुद्र आहे, नारळ आहेत, घाम आहे, म्हणजे आपलंच गाव. पण मी दिवसभर कामावर आणि ती दोघं घरात कोंडलेली. भाषा कळत नाही, शेजारी कुणी नाही, आणि दुकानातला मासा म्हणजे बर्फाचा दगड. आई तक्रार करायची नाही. तिची भांडी मात्र जोरात वाजायला लागली होती.

मग एका सुट्टीच्या दिवशी मी त्यांना धक्क्यावर नेलं. तिथे एक होडीवाला मासे मांडून बसला होता. त्यातला एक लांबलचक, चंदेरी, हातभर नव्हे, चांगला दोन हात. बॅराकुडा. आईने पदर खोचला, खाली बसली, कल्ले उघडून पाहिले, डोळा पाहिला, पोटावर अंगठा दाबला.

"सुरमईचा थोरला भाऊच रे हा," ती म्हणाली. "कल्ले बघ कसे लालभडक आहेत."

इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा हसली होती.

आता ऐका. त्या बेटावर रुजू झालो तेव्हा पहिल्याच आठवड्यात आम्हा सगळ्या नव्या लोकांना बजावलं होतं — प्रवाळाच्या भागातले मोठे मासे खाऊ नका. तिथल्या शेवाळात एक विष असतं. ते लहान माशात जातं, त्याला खाणाऱ्या मोठ्या माशात साठत जातं. त्याला वास नाही, चव नाही. शिजवून जात नाही, तळून जात नाही. सगळ्यात जास्त डोक्यात आणि आतड्यात. मासा कितीही ताजा असो. ते खाऊन आजारी पडलेल्यांना मी स्वतः औषधं दिली होती. म्हणजे मला माहीत होतं. ऐकीव नाही, पुरतं माहीत होतं.

होडीवाल्यानेही विचारलं. इंग्रजीत, माझ्याकडे बघून — एवढ्या मोठ्या माशांचं तुला माहीत आहे ना? आई-बाबांना द्यायचा असेल तर मी तरी दुसरा घेईन.

मी म्हणालो, माहीत आहे, काळजी नको.

"काय म्हणतोय तो?" आईने विचारलं.

"ताजा आहे म्हणतोय."

का? तिचा चेहरा पडला असता म्हणून? की इतक्या दिवसांनी एक तरी गोष्ट माझ्या हातून तिच्या मनासारखी होत होती म्हणून? मी स्वतःला सांगितलं, सगळ्याच माशांत थोडंच असतं. लोक खातातच की.

दुपारी आईने तुकड्या तळल्या आणि डोक्याचं कालवण केलं. रत्नागिरीहून आणलेलं तिरफळ घातलं. घरभर वास सुटला. आणि तिने ते डोकं नेहमीप्रमाणे बाबांच्या ताटात वाढलं. डोकं. बोलायला तोंड उघडलं होतं मी. पण काय बोलणार होतो? बाबा, ते खाऊ नका — का रे? — आणि मग सगळंच सांगावं लागलं असतं. मी तुकडीचा घास घेतला आणि बाबांना डोकं चोखताना बघत बसलो. ते इतके खूश होते की गाणं गुणगुणत होते.

दिवेलागणीला त्यांचे ओठ बधिर झाले. मग उलट्या, जुलाब. आई घाबरून पाणी घेऊन आली, फ्रिजमधलं. बाबांनी ग्लास धरला आणि टाकून दिला. "भाजलं गं," म्हणाले. थंडगार पाणी, आणि ते बोटं झटकत होते. त्या विषात असंच होतं, थंड ते गरम लागतं. मला हे पुस्तकातून ठाऊक होतं, पण आपल्या बापाला तसं करताना पाहणं — मी आजवर तेवढा घाबरलेलो नाही. नाडी धरली तर ती इतकी सावकाश चालली होती की प्रत्येक ठोक्यानंतर वाटायचं, संपलं.

हॉस्पिटलात माझ्याच ओळखीच्या डॉक्टरबाई होत्या. त्यांनी विचारलं, मासा कुठला? विकणाऱ्याने सावध केलं नव्हतं? मी म्हणालो, नाही. नोकरी जाईल या भीतीने? असेलही. पण खरी भीती पडद्याच्या पलीकडे बाकावर बसली होती, साडीला हळदीचे डाग घेऊन.

डॉक्टरबाई फार चांगल्या होत्या. म्हणाल्या, आईंना सांगा, यात स्वयंपाक करणाऱ्याचा काही दोष नसतो. कुणालाच ओळखता येत नाही.

मी बाहेर आलो. आई उठून उभी राहिली. आणि मी विचार केला — हो, मी विचार केला, तोंडून निसटलं वगैरे नाही — की मासाच विषारी होता म्हटलं, तर ती विचारेल, मग तो होडीवाला तुझ्याशी एवढा वेळ काय बोलत होता?

"मासा नीट साफ झाला नव्हता म्हणतायत," मी म्हणालो. "आतलं काहीतरी राहिलं असेल."

ती रडली नाही. "मी तर सगळं काढलं होतं रे," एवढंच म्हणाली. थोड्या वेळाने, स्वतःशीच, "राहिलं असेल."

बाबा वाचले. हाताच्या मुंग्या काही महिन्यांनी गेल्या आणि ते रत्नागिरीत पूर्वीसारखे हिंडूफिरू लागले. आईने मात्र परत कधी मासा हातात धरला नाही. लग्नाआधीपासून मासे करणारी बाई, जिच्या कालवणासाठी पाहुणे मुक्काम वाढवायचे. बाबांनी समजावलं, चिडवलं, एकदा तर बांगडे आणून ओट्यावर ठेवले. तिने ते शेजारी देऊन टाकले. फोनवर बाबा मला म्हणायचे, "अरे, तू तरी सांग तिला. तुझं ऐकेल ती." मी म्हणायचो, सांगतो.

गेल्या वर्षी बाबा गेले. हृदयविकाराने, वयाने. त्या माशाचा काडीचाही संबंध नव्हता. मी रिपोर्ट वाचलेत, मला कळतं. त्यानंतर आईला मी इकडे घेऊन आलो.

परवा घराजवळच्या पार्कात आम्ही दोघं बाकावर बसलो होतो. ऊन होतं, ती जरा मोकळी वाटत होती. समोर बघत तिने विचारलं, "त्या वेळच्या खाण्याने ह्यांचं हृदय कमजोर झालं असेल का रे? तू औषधांतला आहेस, तुला कळत असेल."

नाही, एवढं म्हणायचं होतं. एक शब्द. पण नाही म्हटलं असतं तर तिने विचारलं असतं, कशावरून? आणि मग पुढचं.

"आता ते कशाला काढतेस, आई," मी म्हणालो.

तिने मान हलवली. तिने ते हो असं ऐकलं. ती तसंच ऐकणार, हे मला बोलायच्या आधी माहीत होतं.