मागच्या सीटचं वजन

मर्ल हाउगेन बस दुरुस्तीच्या नोकरीतून निवृत्त झाला आणि पुढची चौदा वर्षं गॅरेजमध्ये विमान बांधत बसला. त्यांच्या वसाहतीत प्रत्येक घरामागे धावपट्टी, त्यामुळे विमान बांधण्याचं कुणालाच नवल नव्हतं. मर्लचं बांधून झालं, याचं मात्र सगळ्यांना होतं.

शनिवारी सकाळी शेजारी वजनकाटे घेऊन आले. उडण्याआधी विमान तोलावं लागतं. चाचण्या संपल्या की पहिली फेरी तुलाच, असं मर्लने बायकोला, लोर्नाला, कबूल केलं होतं. त्याचा सगळा जीव आता वजनाच्या आकड्यात होता.

तिन्ही चाकांखाली काटे ठेवून शेजारच्या व्हर्ननने बेरीज केली आणि शीळ घातली.

"मर्ल, रंगाचे थर किती दिलेस रे?"

"चारच."

"चारच? अरे, विमान आहे का लग्नाचा केक? आता मागच्या सीटवर फार तर एकशे बेचाळीस पौंडांचं माणूस बसेल."

सगळ्यांच्या नजरा दारात उभ्या लोर्नाकडे वळल्या. मर्लला टायरमधली हवा तपासण्याची फार निकड वाटू लागली.

"पाठ फिरवा सगळ्यांनी," लोर्ना म्हणाली.

सहा पुरुष आज्ञाधारकपणे धावपट्टीकडे तोंड करून उभे राहिले. लोर्ना जादाच्या काट्यावर चढली आणि उतरली.

"मागचा गालिचा काढ."

मर्लने काढला.

"ती अक्रोडाची फळीसुद्धा."

त्या फळीला पॉलिश करण्यात त्याचा अख्खा हिवाळा गेला होता. तीही निघाली.

"झालं ना गं?" त्याने भीतभीत विचारलं.

लोर्नाने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "थोडं राहिलंय. ते तुझ्या पोटातून काढू."