तारेवरचे बांगडे
खारवलेल्या बांगड्यांचा वास आला की अजून माझं डोकं फिरतं. वेंगुर्ल्याच्या घरी मी दोन माडांमध्ये रेडिओची तार बांधली होती, खाली-वर करता यावी म्हणून कप्पी-दोरी लावून. शंभर देशांतल्या हौशी रेडिओवाल्यांशी बोललं की प्रमाणपत्र मिळतं. माझा एकच देश उरला होता. पॅसिफिकमधल्या एका ओसाड बेटावर, जे आमच्या या खेळात देश म्हणून धरतात, काहीजण रेडिओ घेऊन उतरले होते आणि त्याच संध्याकाळी परतणार होते. दुपारभर घसा सुकेपर्यंत त्यांना हाका मारल्या. शेवटी ते मला उत्तर देऊ लागले आणि आवाज एकदम बुडाला. बाहेर धावलो, तर तारेवर ओळीने बांगडे लटकलेले, आणि काकी शांतपणे दोरीला गाठ मारत होती. "माजराक खाऊक गावाक नको म्हणान वर ओढलंय." "गो काकी, त्या बेटावरची माणसां आज जातली!" "जावंदेत मगे. परत येतली मा?" परत कुणीतरी त्या बेटावर जायला कितीतरी वर्षं गेली. आता प्रमाणपत्र काचेत मढवून पडवीत लावलंय. पाहुण्यांना दाखवायचं तर आधी त्याच खिळ्यावरची काकीची बाजाराची पिशवी काढावी लागते.