दोघी बहिणींची घरगाडी

शाळेची बस चालवणाऱ्या ताई निवृत्त झाल्या तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता बाई घरी बसतील. पण त्यांच्या डोक्यात मोटरहोम घुसलं होतं. पुढे स्टिअरिंग, मागे पलंग, ओटा आणि इवलीशी न्हाणी.

हा खटाटोप धाकट्या बहिणीसाठी होता. पाठीच्या दुखण्यानंतर धाकटी कुबड्या घेऊन चालायची. घरी शिवणकाम करायची, गिऱ्हाइकांशी गप्पा मारायची, पण बाहेरगावी मुक्कामाचं नाव काढलं की तोंड फिरवायची. परकी न्हाणी तिला नको वाटायची.

नवी गाडी घेण्याची ऐपत नव्हती, म्हणून दोघी जुन्या गाड्या बघत फिरू लागल्या.

पहिलीच गाडी बघून धाकटी हरखली. बाहेरून पांढरीशुभ्र, आत कोरा रंग. मालकाच्या जिभेवर नुसती साखर. ताईंनी पलंगाखालचा कप्पा उघडला. कुबट वास आला. भिंतीवर अंगठा दाबला, तर तो आतच गेला.

"अहो, ही भिंत कुजलीय."

"थोडी ओल आहे. उन्हात वाळेल."

"मग वाळली की कळवा," म्हणत ताई खाली उतरल्या.

दुसऱ्या गाडीचं इंजिन सुरू होताच खोकू लागलं. तिसरी इतकी लांबलचक, की वळवायला मैदान लागलं असतं. धाकटी कंटाळली. "ताई, राहू दे ना आता."

"एवढी एक बघू."

ती एक होती मळकट तपकिरी, दार भलत्याच रंगाचं. मालक म्हातारा सुतार. ताईंनी कप्पे हुंगले, छत चाचपलं, गाडीखाली वाकून पाहिलं. थंड इंजिन पहिल्याच फटक्यात सुरू झालं. भिंती कोरड्या ठणठणीत. किंमतही आवाक्यातली.

"आता तू बघ," ताई म्हणाल्या.

पायरी उंच होती. धाकटीला दोनदा प्रयत्न करावा लागला. "कठड्याची पायरी करून देतो मी," सुतारकाका पटकन म्हणाले.

धाकटी आत गेली आणि तिनं न्हाणीचं दार लावून घेतलं. बराच वेळ आवाज नाही. ताईंनी दारावर टकटक केली.

"काय गं? पडलीस का?"

"नाही!" आतून ती ओरडली. "मावतेय मी! कुबड्यांसकट मावतेय! वळतासुद्धा येतंय!"

दार उघडून ती बाहेर आली तेव्हा डोळे भरलेले होते, पण बोलली ते असं, "रंग मात्र भयंकर आहे हो काका."

"म्हणून तर स्वस्तात देतोय," काका हसले.

महिन्याभरात दोघी निघाल्या. पहिला मुक्काम तळ्याकाठी. ताईंनी एकाच रात्रीचा बेत केला होता. धाकटीला झेपेल की नाही, धाकधूक होती. सकाळी जाग आली तर धाकटी दारात बसून फोनवर बोलत होती.

"हो, कपडे तयार होतील, पण जरा उशीर होईल. किती ते कसं सांगू? आम्ही अजून पुढे चाललोय."

ताईंनी चहाचं आधण ठेवलं.