ट्रकला 'बैठ' म्हणणारे चाचा

कशेळीच्या आमच्या गोदामावरचे चाचा म्हणजे ट्रकला बसायला सांगणारे जगातले एकमेव वॉचमन. मी तिथला कारकून. फाटकात ट्रक आला की ते 'मैल, मैल' म्हणत त्याला पुढे घेत, 'धत्' म्हणून थांबवत आणि इंजिन बंद करायची वेळ झाली की प्रेमाने म्हणत, "बैठ, बेटी." ड्रायव्हर गोंधळून माझ्याकडे बघायचा आणि मी आभाळाकडे. बरं, ट्रकच्या मागून जायचं झालं तर आधी लांबून हाक देत. न सांगता गेलं की जनावर बिचकतं म्हणे! धामणकर नाक्यावर तर ते उभ्या रिक्षांनाही हाका घालत चालायचे. दुपारी ओल्या काथ्याने टायर घासत बसत. "चाचा, हा ट्रक आहे हो," मी एकदा चिडून म्हणालो. "मालूम आहे, बाबू. पण थकत तर असेल ना?" घ्या, कपाळ माझं!

आयुष्यभर ते माहूत होते. शहरात हत्ती फिरवायला बंदी आली, मालकाने रूपकली हत्तीण लांबच्या एका देवळाला देऊन टाकली आणि चाचा आमच्या फाटकावर आले. पण येताना आणलेलं गाठोडं त्यांनी कधी उघडलंच नाही. "ती दुसऱ्याच्या हातचं खायची नाय, बाबू. बुलावा येईल."

आणि एका सकाळी ऑफिसात खरोखरच देवळातून फोन आला. मी धावत जाऊन चाचांना आणलं. पलीकडे नवा माहूत होता. रूपकली तिथे गेल्यापासून जेमतेमच खायची, आता तर चार दिवस तिने चाऱ्याला तोंड लावलं नव्हतं. पण त्याला चाचा नको होते, त्यांचे शब्द हवे होते. काय म्हटलं की ती उठते, काय म्हटलं की खाते, एवढंच. चाचांनी नुसतं गप्प बसायचं होतं, दोन दिवसांत झक मारत बोलावलं असतं! मी हातवारे करून तेच सांगत होतो. "फोन उसके कान पे लगा," चाचा त्या माहुताला म्हणाले. मग किती तरी वेळ ते तिला समजावत राहिले, की याचं ऐक, याच्या हातचं खा. त्या माहुताला एकेक शब्द दोनदा म्हणायला लावला. शेवटी तिकडून ऊस मोडल्याचा आवाज आला म्हणे. आनंद मानावा की रडावं, मला कळेना.

तेवढ्यात ट्रक आला. चाचा फाटकाशी गेले आणि हात हलवत म्हणाले, "आने दो, आने दो."

"चाचा, 'मैल' म्हणा ना."

"ते तर देऊन टाकलं, बाबू."

ट्रक नीट लागला. इंजिन बंद झालं, तरी मी वेड्यासारखा तिथेच उभा राहिलो, ते 'बैठ, बेटी' म्हणतील म्हणून.